रावसाहेबांचा हौद आणि आमची कमिटी

चार माणसं पाण्याची सोय करायला बसली, की पाणी यायच्या आधी किस्सेच साचायला लागतात. आमच्या हौद कमिटीचे तर इतके साचलेत, की चौलमध्ये कुणी एक सुरू केला तर दुसऱ्याला बोलायला वाव मिळत नाही. लोक हसतात. आम्हीही हसतो, पण कान गरम व्हायचे ते होतातच.

कमिटीत आम्ही चौघं. घरमालक रावसाहेब, म्हणजे पेन्शनीत निघालेले मामलेदार. मुंबईच्या गिरणीत फिटरकी करून गावी परतलेले दामूअण्णा. वाडी सांभाळणारा गोविंदा. आणि ओव्हरसियर म्हणून मी! माझा जन्म रस्त्याखालच्या मोऱ्या बांधण्यात गेलेला. पाणी घालवायचं कसं ते मला ठाऊक, आणायचं कसं याचा अनुभव शून्य. पण "प्लॅन तुम्हीच काढा" असं खुद्द रावसाहेबांनी म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

प्रकरण होतं इंदूचं. रावसाहेबांची एकुलती एक पोर. मोठ्या तापातून उठली, पण पायांतलं बळ गेलं. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, "रोज छातीभर स्वच्छ पाण्यात उभी करा, हातपाय हलवू द्या. पायांत जीव येईल. पण उशीर करू नका."

समुद्राच्या लाटांत तिला उभं करणं शक्य नव्हतं. घरामागच्या वाडीत पोफळींना पाणी सोडायचा जुना दगडी हौद होता, पण त्यात हिरवंगार शेवाळ. तेव्हा ठरलं, की विहिरीवर इंजिन आणि पंप बसवायचा, लोखंडी नळ टाकायचे, वाळूची गाळणी करायची. ताजं पाणी हौदात येईल, जुनं पोफळींना जाईल. डॉक्टर म्हणाले होते उशीर करू नका, आणि आम्ही कमिटी नेमली!

*

पहिली बैठक ओटीवर. मी नकाशा मांडला. विहीर ते हौद सरळ रेघ, मध्ये एक वाकण, काम खलास.

रावसाहेबांच्या मावशी दारातून म्हणाल्या, "पाणी ईशान्येकडून आत यायला हवं."

"मावशी, विहीर नैर्ऋत्येला आहे," रावसाहेब म्हणाले.

"मग विहीर हलव असं कुठं म्हणतेय मी? नळ फिरवा की!"

मामलेदारकीत भल्याभल्यांना घाम फोडलेला माणूस, पण मावशींपुढे गप्प! नळ फिरवला. बंगल्याला पुरता वळसा घालून ईशान्येच्या कोपऱ्यात आणला. दामूअण्णा कुजबुजले, "एवढी प्रदक्षिणा घातल्यावर पाणी दमून वाटेतच बसायचं." पण तेही मोठ्यानं बोलले नाहीत.

नवा नकाशा मी मोठ्या ऐटीत इंदूला दाखवायला नेला. वेताच्या खुर्चीत बसून तिनं तो उलटासुलटा करून पाहिला.

"काका, यात हौद कुठंय?"

नळांच्या नादात हौद काढायचाच राहिला होता!

*

नळ मुंबईहून मचव्यातून रेवदंडा बंदरावर उतरले. आम्ही लगेच आणायला हवे होते. पण पंप विहिरीच्या काठावर बसवावा की आत कट्टा बांधून, यावर कमिटीत वाद पेटला. मी काठाच्या बाजूचा, दामूअण्णा कट्ट्याच्या. दोघंही इरेला पेटलेले. मधेच पाऊस लागला, तोही गेला.

शेवटी रावसाहेबांना घेऊन आम्ही बैलगाडीनं बंदरावर गेलो. बघतो तर काय, आमचे नळ बांबूंवर आडवे बांधलेले आणि त्यांवर ओळीनं बोंबील वाळत घातलेले! रावसाहेब शुद्ध शाकाहारी. त्यांनी उपरणं नाकाला लावलं. दामूअण्णा कोळणीवर डाफरले, "अगं, सरकारी माणसाचा माल आहे हा!"

ती शांतपणे बोंबील उलटत म्हणाली, "आवरे दिस परलं व्हतं, कोनी न्यायला आला न्हाय. आमाला वाटला पोर बरी झाली, आता हौद नको."

आम्हाला कुठं तोंड लपवू असं झालं. रावसाहेब गाडीत जाऊन बसले.

*

इंजिन चालू करायचा मुहूर्त ठरला. पंपाला हार, हळदकुंकू, समोर नारळ फोडला, गावभर पेढे वाटले. दामूअण्णांनी चाक फिरवलं. इंजिन भकभक करायला लागलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. नळातून थेंब नाही!

इंजिन बंद केलं, पंप उघडला, तो ठीक. दामूअण्णा लाल होऊन सांगू लागले, "हा साहेबलोकांचा माल असाच. वरून चकचकीत, आत पोकळ!" अर्धा तास इंग्लंडचा उद्धार चालला होता.

मग गोविंदानं विहिरीतला नळ वर ओढला. तळाच्या जाळीला हिरवा खण घट्ट गुंडाळलेला!

"विहिरीची ओटी भरायला नको?" मावशी म्हणाल्या. "नुसती यंत्राचीच पूजा करायची?"

चूक कुणाची म्हणायची? आमच्याकडे विहिरीची ओटी भरतातच. लोक हसत हसत घरी गेले, आमचेच पेढे खात.

*

पाणी आलं, पण आठ दिवसांत हौद तुंबून वाहायला लागला. पोफळींकडे जाणाऱ्या नळाचं तोंड चोंदलं होतं. दामूअण्णांनी हात घातला आणि ओरडून मागे घेतला. आत कासव!

गोविंदा कासावीस होऊन धावला. "अण्णा, हलू काढा! मीच सोरलंय."

"अरे, पण कशाला?"

"कासव सोरल्याबिगर पानी साफ कसा र्‍हाईल? समद्यांच्या हिरीत हाय, मंग पोरीच्या हौदात नको?"

त्यानं ते मुद्दाम नागावहून आणलं होतं. आता त्याला रागवायचं तरी कसं? खुर्चीतून इंदू बघत होती. म्हणाली, "चला, कुणीतरी पोहून घेतलं!"

सगळे हसले. मला हसताना लाज वाटली. तिचे पाय शालीखाली आणखी बारीक झालेले मला दिसत होते.

*

आणि मग तो दिवस उजाडला. इंजिन झकास चालू. वाळूतून गाळलेलं पाणी ईशान्येकडून धो धो पडतंय, जुनं पोफळींच्या पाटात जातंय. तळाचा दगड न् दगड दिसत होता. दामूअण्णांनी एकेक चावी फिरवून दाखवली. मी नकाशा उलगडून समजावून सांगितला. त्यात हौदही काढला होता! रावसाहेब रेशमी पगडी आणि लांब कोट घालून आले होते.

गोविंदानं इंदूची खुर्ची काठाशी आणली. ती हौदाकडे बघत राहिली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चारी भिंती तिनं नजरेनं फिरून पाहिल्या.

"काका, पाणी इथून येतं?"

"हो!"

"आणि तिथून जातं?"

"अगदी बरोबर!"

"आणि मी कुठून उतरायचं?"

हौदाला पायऱ्या होत्या. पण नळ आणि गाळणी बसवायला तोच कोपरा सोयीचा पडला, म्हणून आम्ही त्या एकमतानं फोडल्या होत्या. त्या दिवशी एवढा वाद घालणारे आम्ही, पण एकानंही तोंड उघडलं नव्हतं. दामूअण्णा चावीशी उगाच खुडबुड करत राहिले. माझ्या हातातला नकाशा कुठं ठेवावा मला कळेना.

आमची तोंडं बघून इंदूलाच आमची कीव आली असावी. म्हणाली, "असू दे. तुम्ही उतरा सगळे. पाणी कसंय ते मला सांगा."

रावसाहेबांनी पगडी काढून मावशींच्या हातात दिली आणि कोटासकट हौदात उडी घेतली. छातीभर पाण्यातून चालत ते काठाशी आले. आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्चीकडे पाठ करून, जरा वाकून उभे राहिले.

"गार आहे गं," ते म्हणाले. "ये."