अर्ध्यावर राहिलेली उघाडी

किशोरी टिपणीस पावसाळ्यात खिडकीकडे पाठ करून बसायची. प्रयोगशाळेतल्या नव्या लोकांना वाटायचं, बाईंना गारठा सोसत नसेल. जुन्यांना कारण ठाऊक होतं, पण ते कुणी बोलून दाखवत नसे. त्या खिडकीतून कोळशाचं यार्ड दिसायचं, यार्डापलीकडे गाळाचं तळं, आणि तळ्याच्या टोकाला, खारफुटीला लागून, ते लोखंडी गेट.

वीजप्रकल्प उरण रस्त्यावर, खाडीला अगदी चिकटून होता. किशोरी खांदा कॉलनीतून कंपनीच्या बसने यायची. घरी ती आणि निवृत्त झालेले वडील प्रभाकर, दोघंच. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून ती इथे लागली तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, "तुझं काम नेमकं काय गं?" ती म्हणाली होती, "बाबा, कंपनीतून बाहेर जाणारं पाणी मी बघते."

ते खरंच होतं, आणि पावसात ते सगळ्यात कठीण होतं. कोळशाच्या ढिगांवर पडलेलं पाणी काळं होऊन खाली उतरतं. ते नुसतं काळं नसतं, आंबट असतं. त्यात लोखंड विरघळलेलं असतं, आणखीही धातू असतात. ते मोठ्या गटारातून तळ्यात यायचं. तोवर तळ्याच्या टोकाचं गेट बंद असायला हवं. गाळ खाली बसला, पाणी निवळलं, तपासणीत ठीक निघालं की मगच गेट उघडायचं आणि पाणी खाडीत सोडायचं. इतकं साधं होतं ते.

गेटवर जीवन असायचा. प्रकल्प ज्या जमिनीवर उभा होता त्यातला एक तुकडा त्याच्या आजोबांचा. नोकरी त्या बदल्यात मिळालेली. गावात खारजमिनीच्या बांधाला अशीच दारं असायची, खाडीचं पाणी भातात शिरू नये म्हणून. त्यांना उघाडी म्हणत. जीवनने कंपनीच्या गेटला कधी गेट म्हटलं नाही. किशोरी फोन करायची, "जीवनभाऊ, काळं येतंय." तिकडून उत्तर यायचं, "उघाडी लावतो मॅडम." वर्षानुवर्षं दोघांचं बोलणं एवढंच, पण ते दोन शब्द ऐकले की तिचा जीव भांड्यात पडायचा.

आणि एका जुलैत, भर दुपारी, ढगांनी कर्नाळ्याचा सुळका गिळला होता आणि पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, तेव्हा तिने तसाच फोन केला. त्यानेही तेच उत्तर दिलं. त्यानंतर जीवन कुणालाच दिसला नाही.

गेटपाशी जायला अरुंद फळी होती, कठडा नव्हता. तळं अर्धंअधिक गाळाने भरलेलं. उन्हाळ्यात तो काढायचा राहून गेला होता, म्हणून पाणी फळीवरून वाहत होतं. शोधायला गेलेल्यांना गेटच्या जाळीत अडकलेला त्याचा एक गमबूट मिळाला. गेट अर्धं खाली आलेलं होतं. म्हणजे चाक फिरवता फिरवताच तो गेला. गावच्या होड्यांनी खाडी पालथी घातली, खारफुटीची मुळं न् मुळं हाताने चाचपली. काही मिळालं नाही.

कंपनीने त्याच्या बायकोला, कोमलला, कॅन्टीनमध्ये कामाला घेतलं. आईला, जनीला, काय द्यायचं हे कुणालाच सुचलं नाही. म्हातारी पूर्वीसारखीच ओहोटीला खारफुटीत उतरून चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, पकडत राहिली.

पुढच्या पावसाळ्यात बोलणं सुरू झालं. एका सुरक्षारक्षकाने गेटवर पिवळा रेनकोट घातलेला माणूस पाहिला. दुसऱ्याने चाकाची करकर ऐकली. पावसात तिकडे जायला माणसं नाही म्हणू लागली. किशोरीने आधी सगळ्यांना झापलं. मग श्रावणातल्या एका दुपारी खिडकीतून तिलाही तो दिसला. पिवळा रेनकोट, डोक्यावर टोपी, चाकावर वाकलेला. तिच्या हातातली काचेची नळी खाली पडून फुटली. तिने पुन्हा पाहिलं तेव्हा नुसता पाऊस होता. त्या दिवसापासून तिने टेबल फिरवून घेतलं.

ती कुणाला बोलली नाही. पण घरी जेवताना हात थांबायचा. नळ सोडला की पाण्याच्या आवाजात "लावतो मॅडम" असं काहीतरी ऐकू यायचं. वडील म्हणायचे, "डॉक्टरला दाखवू या का?" ती म्हणायची, "नको, झोप कमी होतेय एवढंच."

गेट मात्र उघडंच राहू लागलं. काळं पाणी सरळ खाडीत जाऊ लागलं. किशोरी नमुने घ्यायची, आकडे वर पाठवायची. प्रकल्पाचे प्रमुख कृष्णकांत ते वाचून मान डोलवायचे.

"टिपणीस मॅडम, माणसं घाबरतात. मी त्यांना ढकलून का पाठवू?"

"मोटरवर चालणारं गेट बसवा सर. आणि तळ्यातला गाळ काढा."

"बघू, पुढच्या वर्षी."

एकदा बाहेरून पाहणीला अधिकारी आले. गेट उघडं कसं, असं त्यांनी विचारलं. कृष्णकांतांनी आवाज हळू केला. "साहेब, तिथे आमचा एक माणूस गेला. बॉडी मिळाली नाही. तेव्हापासून पावसात तिथे कुणी जायला तयार होत नाही हो." अधिकाऱ्यांनी चुकचुक केलं, चहा घेतला, आणि विषय कर्नाळ्याच्या पक्ष्यांवर गेला.

किशोरी तिथेच बसली होती. तिच्या मनात एकदम लख्ख झालं. गेट बंद केलं की गाळाने भरलेलं तळं लगेच तुंबायचं, पाणी यार्डात मागे सरायचं, कोळसा भिजायचा, तो वाहून नेणारे पट्टे थांबायचे, वीज कमी निघायची. गेट उघडं राहणं सगळ्यांच्या सोयीचं होतं. मेलेल्या जीवनला कंपनीने पुन्हा कामाला लावलं होतं. फरक एवढाच की आता त्याचं काम उघाडी उघडी ठेवण्याचं होतं. आणि आपण? खिडकीकडे पाठ करून बसलो की आपणही त्यातलेच.

त्यानंतरच्या ऑगस्टमधली ही गोष्ट. सकाळपासून मुसळधार पाऊस लागला होता. गटार काळ्या फेसाने भरून वाहत होतं. किशोरीने कंट्रोल रूमला फोन केला, यार्डाला केला, सुरक्षेला केला. "मॅडम, पाऊस कमी होऊ द्या." सगळीकडून तेच. तिने फोन ठेवला, रेनकोट चढवला आणि निघाली.

कॅन्टीनच्या दारात कोमल उभी होती.

"मॅडम, कुठं निंगाल्या?"

"गेटवर."

कोमलने हात पदराला पुसले. "मी येते."

"कोमल, तू नको. तिथे..."

"तिथं तो हाय, असंच बोलतात ना सगले? मंग मला नाय तर कोनाला भेटंल?"

 दोघी गटाराच्या कडेने निघाल्या. पावसाने समोरचं धड दिसत नव्हतं. तळ्याशी पोचल्या आणि किशोरीचे पाय जागीच रुतले. गेटवर पिवळा रेनकोट होता. टोपी पुढे ओढलेली, दोन्ही हात चाकावर. करकर, करकर. चाक थोडं हलायचं आणि अडायचं.

 कोमल मात्र पुढे झाली. आधी तिचा आवाज कापरा होता, मग चढला.

"अवो! ऐकता का? मी हाय, कोमल!"

रेनकोटाने मान वळवली. टोपीखाली सुरकुतलेला, निथळणारा चेहरा होता.

"बोंबलतेस काय?" म्हातारी म्हणाली. "हात लाव इकरं."

ती जनी होती.

कोमल चाकापाशी गेली. "आई, तुमी? तुमी तर चिंबोऱ्यांना जाता ना?"

"जाते. तिथूनच वर येते." खारफुटीच्या बाजूने कुंपण कुजलं होतं, म्हातारी त्यातून यायची. अंगावर मुलाचाच जुना रेनकोट. कमरेला तेलाची बाटली खोचलेली. चाकाच्या दातांना ताजं तेल लावलेलं किशोरीने पाहिलं. "तेल घातलं तरी मला एकलीला फिरत नाय. पोराचं काम अर्धं रायलं. मी बघते, हे काला पानी रोज जातंय. चिंबोऱ्या बिळातच मरून पडतात. त्याला काय वाटत असंल?"

 तिघींनी चाकाला हात घातला. चाक आधी हूं की चूं करेना. मग कोमलने पाय रोवून, दात खाऊन असा हिसडा दिला की गंज तुटल्याचा आवाज झाला आणि गेट इंच इंच करत उतरायला लागलं. किशोरीच्या तळहाताची सालपटं निघाली. ते टेकलं तेव्हा पलीकडचं काळं पाणी हळूहळू ओसरलं आणि खाडीचं मातकट पाणी वर आलं. तिघी फळीवर तशाच बसल्या, एकमेकींना धरून.

किशोरीला हसू यायला लागलं, सुटकेचं. "मावशी, दोन वर्षं तुम्ही आम्हाला घाबरवलंत. मागच्या श्रावणात मी तुम्हाला खिडकीतून पाहिलं आणि माझ्या हातातली नळी फुटली."

जनीने तिच्याकडे टक लावून पाहिलं.

"मागच्या साली? मागच्या साली मी नाय आले. कुंपन या उन्हाल्यात तुटलं." मग तिने विचारलं, "कसा दिसत व्हता?"

 किशोरी म्हणाली, "वाकलेला होता. काम करत होता."

जनीने मान हलवली. बाजारात कुणी ओळखीचं भेटल्याचं सांगावं आणि आपण ऐकावं, तशी.

दुसऱ्या दिवशी कृष्णकांतांनी बोलावलं. यार्डात पाणी भरलं होतं, दोन पट्टे बंद होते. त्यांचा पारा चढलेला होता.

"गेट बंद करायचा निर्णय तुमचा? आणि ती बाई कंपनीच्या हद्दीत शिरलीच कशी? मी पोलिसांत तक्रार देतोय."

"द्या सर," किशोरी म्हणाली. तिच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. "मग पोलीस विचारतील, ती तिथे काय करत होती. मी सांगेन, कंपनीने करायचं काम करत होती. भुताला घाबरून तुमची माणसं जात नाहीत असं तुम्ही पाहुण्यांना सांगता ना? आता पुढच्या पाहणीला मी त्यांना गेटवर घेऊन जाईन. भूत कोण होतं तेही सांगेन, आणि तळ्यात गाळ किती आहे तेही."

कृष्णकांतांनी खुर्चीकडे हात केला. मग म्हणाले, "बसा. चहा मागवतो." ती बसली नाही.

तक्रार झाली नाही. कुंपण मात्र लगेच दुरुस्त झालं. पुढच्या उन्हाळ्यात तळ्यातला गाळ निघाला. डंपरच्या रांगा लागल्या. मोटरचं गेट आलं, फळीच्या जागी कठडा असलेला पूल आला, कोळशाच्या ढिगाभोवती बांध उंच झाला. पुढचा पाऊस उघडल्यावर तळ्यातलं पाणी, धूळ बसावी म्हणून, पंपाने उलट यार्डात शिंपडायला जाऊ लागलं. हे सगळं एकट्या किशोरीमुळे झालं असं नाही. भूत म्हातारी निघाल्याची बातमी गावभर झाली होती आणि गावातून माणसं येऊन कंपनीच्या दारात बसली होती. पण गेट बंद झालं, ते झालंच.

मग जनीने मुलाचे विधी करायचं ठरवलं. देह नव्हता, म्हणून भटजींनी दर्भाचा पुतळा करायला लावला. खाडीकाठी पाचपंचवीस माणसं जमली. किशोरी वडिलांना घेऊन गेली. सगळं आटोपल्यावर म्हातारी तिच्या शेजारी बांधावर येऊन बसली.

"बाय, तू शिकलेली. तुला पान्याचं समजतं. एक इचारू?"

"विचारा मावशी."

"तो कुठं गेला असंल? खरी बात सांग. दर्यात, का हितंच, खाडीत?"

 कोमल वळून बघायला लागली.

"मी चिंबोऱ्या पकडते, इकते," जनी खालच्या आवाजात म्हणाली. "पन तवापासून एकबी तोंडात घातली नाय. चूल पेटवते, हातात घेते, आनि वाटतं..."

जीवन गेला त्या दिवसाचं भरती-ओहोटीचं गणित किशोरीला पाठ होतं. तीन वर्षं ती ते मनात मांडत आली होती, नळाखाली, बसमध्ये, ताटावर बसून. त्या दुपारी भरती होती. पाणी आत, खारफुटीकडे चढत होतं. आजवर तिने एकही आकडा इकडचा तिकडे केला नव्हता.

"दर्यात," ती म्हणाली. "ओहोटी होती तेव्हा. पाण्याला ओढ होती. उरणच्या पुढे, थेट बाहेर गेला तो."

"खाडीत नाय?"

"नाही मावशी. खाडीत नाही."

जनीने बराच वेळ पाण्याकडे पाहिलं. मग पदराने डोळे पुसले आणि कोमलला हाक मारली, "ए कोमल, घरा चल. चार चिंबोऱ्या ठेवल्यात टोपलीत. आज मसाला वाट."

परतताना गाडीत वडिलांनी विचारलं, "काय म्हणत होती गं ती?"

"काही नाही बाबा," किशोरी म्हणाली, आणि पनवेल येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिली.