दोघींची एकच पत्रिका

अंबरनाथला, बाबांच्या कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये आम्ही दोघी जुळ्या बहिणी वाढलो. जन्मात चार मिनिटांचं अंतर. आई उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधून एकाच ताग्याचं कापड आणून दोघींना सारखे फ्रॉक शिवायची. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही आठ वर्षांच्या असताना माझ्या बहिणीला रक्ताचा कॅन्सर झाला. मला नाही.

मुंबईच्या डॉक्टरांनी औषधांनी आजार दाबला आणि बाबांना बजावलं, "आता हिच्या बहिणीच्या हाडातला मगज हिला देऊ. अशी हुबेहूब जुळी बहीण असणं नशीबच समजा. पण आजार उलटायच्या आत करा."

बाबा शिकलेले, कारखान्यात ऑफिसर. पण वांगणीच्या मोठ्या काकांना विचारल्याशिवाय त्यांनी कधी सायकलसुद्धा घेतली नाही. काकांनी गुरुजींना आणलं. गुरुजींनी दोन्ही पत्रिका शेजारी शेजारी मांडल्या. "दोघींचे ग्रह सारखेच. दिवाळीपर्यंत काळ वाईट आहे. एकीचं दुसरीला द्याल तर दोघी हातच्या जातील."

आई भडकली. "अहो, ग्रह सारखेच आहेत ना? मग एकटी हीच का आजारी पडली?"

"तू गप्प बस गं," काका म्हणाले. बाबा चप्पल घालून बाहेर निघून गेले. तेवढंच त्यांना जमायचं.

आणि मी? खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. त्या सुईची मला भयंकर भीती होती. टकलावर रुमाल बांधलेली माझी बहीणच मला म्हणाली, "बरं झालं बाई, आता तुला टोचणार नाहीत."

दिवाळीच्या आधीच आजार उलटला. मग सगळ्यांची पळापळ. ग्रह नि काळ गेले चुलीत! डॉक्टरांनी माझा मगज काढून तिला रक्तासारखा चढवला, पण आता आशा कमी आहे हे आधीच सांगून. माझी कंबर दोन दिवस ठणकली. बस्स, दोनच दिवस. होळीच्या आधी ती गेली.

बारा वर्षांनी मला स्थळ आलं. तेच काका, तेच गुरुजी, फक्त चष्मा आता जाड भिंगाचा. पत्रिका बघून म्हणाले, "छान. मुलगी दीर्घायुषी आहे."

आई उठली. कपाटातली दुसरी पत्रिका आणून तिने त्यांच्यापुढे ठेवली. "ही पण बघा."

गुरुजींनी बोट फिरवलं. "हीसुद्धा दीर्घायुषी. धाकटी का?"

"हो," आई म्हणाली. "चार मिनिटांनी धाकटी. नवव्या वर्षी गेली."

गुरुजींनी पत्रिकेची घडी घातली. मग काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "चहा टाक गं."

आणि मी उठून टाकला.