खोका उघडून दाखवा

कार्गोच्या काउंटरवर बसणाऱ्या माणसाला किस्से शोधायला जावं लागत नाही. लोकच ते टेपने घट्ट बांधून, वर नाव-पत्ता लिहून, खांद्यावरून आणून देतात. आपण फक्त कात्री घ्यायची.

मी अकरा वर्षं दुबईत अल कुसैसला सामंतकाकांच्या कार्गोत आहे. इथून गावी सामान पाठवायचं, गावाहून आलेलं लोकांच्या घरी पोचवायचं, हा आमचा धंदा. आमच्या फॉर्मवर ‘आत काय आहे’ असा एक रकाना आहे आणि शंभरातले नव्वद लोक त्यात ‘घरसामान’ लिहितात. या एका शब्दाखालून मी कुकर बघितलेत, कवळी बघितली, एकदा तर जिवंत कासव बघितलं. पण ज्या वस्तू बघून माझी दातखीळ बसली त्या वेगळ्याच. आपली साधी, भाजी-भाकरी खाणारी माणसं कार्गोत काय काय घालतात, हे कळलं तेव्हापासून मी कुणाला साधं म्हणायचं सोडून दिलंय.

काकांचा नियम एकच. गिऱ्हाइकासमोर खोका उघडायचा, एकेक वस्तू बाहेर काढायची, यादी करायची, परत भरायचा, मग ‘तपासणारा’ म्हणून काकांची सही. लायसन्स काकांच्या नावावर आहे. भलतं काही सापडलं की पहिला प्रश्न ज्याची सही त्याला. काकांची मुलगी तन्वी इथेच जन्मलेली. दुबई सिलिकॉन ओएसिसमध्ये नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी येऊन आम्हाला शहाणं करते. तिला हा नियम बघवत नाही. “बाबा, नोबडी डज धिस एनीमोर,” म्हणते. तिने आमच्यासाठी एक ॲप बनवलंय. गिऱ्हाइकाने घरीच खोका सील करायचा, आपण जाऊन उचलायचा. उघडणं नाही, यादी नाही.

काका म्हणतात, “नाही.” तन्वी म्हणते, “व्हाय?” याच्यावर आमची दोन वर्षं गेली.

* * *

दिवाळीच्या आधी कोल्हापूरहून एक पार्सल आलं. आजोबांनी नातवासाठी पाठवलेलं. चकल्या, लाडू, आणि चिवड्याचा मोठा डबा. नातवाची आई पार्सल न्यायला आली, बरोबर आठ वर्षांचा नातू. काकांनी सवयीप्रमाणे डबे उघडले. चिवड्यात हात घातला तर खाली काहीतरी लागलं. निघालं टिकल्यांचं पत्र्याचं पिस्तूल. त्याच्या खाली टिकल्यांच्या दहा-बारा डब्या.

मी खुर्चीतच बसले. दारू भरलेल्या टिकल्या विमानातून आल्या होत्या. तिकडून कशा सुटल्या, देव जाणे. आईने तिथूनच वडिलांना फोन लावला. आजोबा शांतपणे म्हणाले, “अगं, चिवड्यात मुद्दाम ठेवल्या. सादळत नाहीत.”

नातू माझ्याकडे बघून म्हणाला, “आंटी, माय आजोबा सेंट मी अम्युनिशन?” त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. टिकल्यांच्या डब्या काकांनी बादलीभर पाण्यात बुडवल्या आणि चिवडा कुणीच खाल्ला नाही.

* * *

साताऱ्याकडचे एक निवृत्त सुभेदार मुलाकडे तीन महिने राहायला आले होते. परत जायच्या आधी थोडं सामान कार्गोने पाठवायला आमच्याकडे आले. सामानात काही नव्हतं. पण सही करताना त्यांनी खिशातून किल्ल्या काढून काउंटरवर ठेवल्या, आणि त्या किल्ल्यांना अडकवलेलं होतं पितळी काडतूस. रिकामं, पण खरं.

“पलटणीची आठवण आहे,” ते म्हणाले. “तीस वर्षं खिशात आहे.”

काकांनी विचारलं, “येताना विमानतळावर कुणी विचारलं नाही?”

“नाही बा.”

मला दरदरून घाम फुटला. हे गृहस्थ तीन महिने मॉलमध्ये, बागेत, नातीच्या शाळेच्या फाटकापर्यंत काडतूस खिशात घालून फिरत होते. परत जाताना मशीनने पकडलं असतं तर म्हातारपणी कुठल्या कुठे जाऊन बसले असते. काका म्हणाले, “सुभेदार, हे मी पाठवणार नाही आणि तुम्ही नेणारही नाही.” मग स्वतः त्यांना गाडीत घालून पोलीस स्टेशनला घेऊन गेले. आमचा ड्रायव्हर खानभाई पेशावरचा. तो वाटेत काकांना म्हणाला, “सेठ, आप क्यों काँप रहे हो? जिसकी गोली है वो तो आराम से बैठा है.”

पोलिसांनी काडतूस ठेवून घेतलं, कागदावर सही घेतली आणि सुभेदारांना चहा पाजला. सुभेदारांनी उठून कडक सॅल्यूट ठोकला. काकांचा शर्ट मात्र पाठीला चिकटलेला होता.

* * *

उम्म अल कुवैनला पाटील म्हणून कॉन्ट्रॅक्टर आहेत. माणूस मोठा, देवधर्म सगळा रीतसर. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांचा फोन.

“सामंत, एक छोटं पार्सल उचलायचंय. शारजाहून. पोराचं एअर पिस्तूल आहे, नेमबाजीच्या क्लबात ठेवलेलं. उद्या एक दिवस घरी पाहिजे. हळदकुंकू लावतो आणि परवा परत पाठवतो.”

काकांनी फोन कानापासून लांब धरला आणि त्याच्याकडे बघत राहिले. मागून पाटलांच्या पोराचा आवाज येत होता, “पप्पा, इट कॅनॉट लीव्ह द क्लब. दे विल थ्रो मी आउट.”

“अहो, हत्याराची पूजा नको का?” पाटील म्हणाले.

“पाटील, तुम्ही गवंड्याच्या घरातले. तुमचं हत्यार थापी. तिची पूजा करा.”

पाटील रागावले असतील असं मला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोटो पाठवला. पाटावर लाल कापड, त्यावर घासून लख्ख केलेली थापी, तिला झेंडूचा हार. मला तो फोटो बघून भरून आलं. काकांनी तो अजून फोनमध्ये ठेवलाय.

* * *

आता ज्यावरून बापलेकीत खरी जुंपली तो किस्सा.

सिलिकॉन ओएसिसमधला एक आयटीवाला आला. पुण्याचा, गोरागोमटा, बोलणं लोण्यासारखं. सोबत सीलबंद खोका. फॉर्मवर ‘स्पोर्ट्स गुड्स’. काकांनी कात्री घेतली तसा त्याचा चेहरा पडला. आत पिस्तूल कमरेला लावायचं चामडी पाकीट, बंदुकीची लांब पेटी, आणि दुर्बीण बंदुकीवर बसवायच्या लोखंडी पट्ट्या. हे सगळं त्याने ऑनलाइन जाहिरात देऊन विकलं होतं.

“तुम्ही जाहिरातीत शिपिंग लिहिलंय?” काकांनी विचारलं.

“लिहावंच लागतं, काका. नाहीतर कुणी घेत नाही.”

“घेणारा कोण आहे?”

“चॅटवर बोललो.”

“वय काय त्याचं? परवाना आहे?”

“ते मी कसं विचारणार? मी फक्त विकतो. शिपिंग तुमचं.”

मी तोंडात बोट घातलं. माणूस चांगला शिकलेला, घरी दोन मुलं, आणि बंदुकीचं सामान कुणाच्या हातात जाणार हे त्याला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं. काकांनी खोका जसाच्या तसा त्याच्या हातात दिला. “परवाना असलेल्या दुकानात जा. ते घेतील तर घेतील. मी हे उचलणार नाही.”

जेवताना तन्वी म्हणाली, “बाबा, इट्स नॉट इव्हन अ गन. तो चामड्याचा तुकडा आहे. उद्या तुम्ही बेल्ट पाठवणार नाही का?”

काका म्हणाले, “हातोहात विकलं तर विकणारा घेणाऱ्याचं तोंड बघतो. कोवळं पोर आलं, माथेफिरू आला, तर नाही म्हणता येतं. खोक्यातून पाठवलं की कुणी कुणाचं तोंड बघत नाही. मग मधे एकच माणूस उरतो, सही करणारा.”

“सो लेट मी बी दॅट पर्सन,” तन्वी म्हणाली. “मी सही करते. तुम्ही लोकांवर विश्वासच ठेवत नाही.”

ती चिडली होती, पण खोटं बोलत नव्हती. काका खरंच कुणावर विश्वास ठेवत नाहीत. त्यात त्यांचे गुडघे गेलेत, वाकून खोके उघडणं होत नाही. आणि एकुलती एक मुलगी धंद्यात लक्ष घालतेय याचा आतून आनंदही होताच. महिनाभराने काका नमले. अट घातली की पहिल्या आठवड्यात तीनच सीलबंद खोके, तेही ओळखीच्या माणसांचे. ‘तपासणारा’ या रकान्यात तन्वीने सही करायची.

मी काकांना एकट्यात म्हटलं, “तिच्या नावावर नको.” काका म्हणाले, “ओळखीचेच आहेत गं.” काकांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

* * *

पहिला खोका आमच्या डॉक्टरांचा. दुसरा तन्वीच्या मैत्रिणीचा. तिसरा काकांच्याच घरचा. काकू दरवर्षी कणकवलीजवळच्या गावी भावाला सामान पाठवतात. दूध पावडर, खजूर, बाम, चॉकलेटं, टॉवेल. तन्वीने तो स्वतःच्या गाडीतून आणला, आईनेच टेप लावलेला. सही केली आणि मला म्हणाली, “सी, मावशी? टू मिनिट्स. खलास.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला खानभाईचा फोन आला. तो विमानतळाजवळच्या कार्गो शेडमध्ये माल घेऊन गेला होता. मला तो बाजी म्हणतो, म्हणजे ताई. “बाजी, एक कार्टन मशीन पे रोक लिया है. सेठ को लेके आओ. मॅडम को भी बुला रहे हैं. कार्टन अपने घर का है.”

मी काकांना आणि तन्वीला घेऊन निघाले. गाडीत तन्वी एकदा म्हणाली, “आईने काय टाकलं असेल?” आणि नखं खात बसली.

शेडमध्ये स्टीलच्या लांब टेबलावर आमचा खोका उघडा होता. खजूर एका बाजूला, दूध पावडर एका बाजूला. मधे निळ्या टॉवेलवर एक काळी, हातभर लांब दुर्बीण. बंदुकीवर बसवतात ती. मी ती आधी कधी पाहिली नव्हती, पण काय आहे ते बघताक्षणी समजलं.

ऑफिसर तरुण होता, आवाज न चढवता बोलणारा. त्याने काकांना घरी फोन करायची परवानगी दिली. काकांनी स्पीकर लावला.

“ती होय?” काकू पलीकडून म्हणाल्या. “दादाची आहे. डुकरं भात उपटतात ना, त्याच्याकडे शेतीची बंदूक आहे, सरकारी परवान्याची. डोळ्यांना आता दिसत नाही त्याला. इथे एकाने जाहिरात दिलेली. चारशे दिराम, म्हणजे आपले नऊ हजार. तो म्हणत होता शिपिंग करून देतो म्हणून. मी म्हटलं, आपला एवढा कार्गो असताना परक्याला कशाला त्रास?”

“मला का नाही सांगितलंस?”

“तुम्ही खोका उघडला असता.”

काकांनी फोन बंद केला. मी तन्वीकडे बघितलं. ती पांढरी पडली होती. तिचा जन्म इथला, शाळा इथली, नोकरी, मित्रमैत्रिणी, सगळं इथलं. गावी ती कधी महिन्यापेक्षा जास्त राहिलेली नाही. केस झाली असती तर आधी कोठडी, आणि मग जिथे तिचं कुणी नाही त्या देशात परत पाठवणी. मला त्या क्षणी काकूंचा इतका राग आला की आजही तो पुरता गेलेला नाही.

ऑफिसरने फॉर्म उचलला. बोट फिरवत ‘तपासणारा’ या रकान्यापाशी आला. सही इंग्रजीत, गोल गोल अक्षरात, शेवटच्या आयवर टिंबाऐवजी छोटंसं वर्तुळ काढलेली.

“हू इज तन्वी?”

तन्वीने एक पाऊल पुढे टाकलं. काकांनी तिचं मनगट धरून तिला मागे ओढलं आणि स्वतः टेबलापाशी जाऊन उभे राहिले. एकसष्ट वर्षांचे, डोक्यावर एक केस नाही, मिशा पांढऱ्या.

“आय ॲम तन्वी, सर.”