आर्डिसची एकच रायफल

मोंटानातल्या आमच्या गुरांच्या रँचवर रायफल एकच, माझ्या बायकोची, आर्डिसची. माझा धाकटा भाऊ डेल याच्याकडे कपाटभर आहेत. जेवायला आला की सुरू व्हायचा, "वहिनी, कोयोटला हलकी गोळी लागते, हरणाला जड. एका रायफलीवर दोन्ही भागत नाही."

"भावजी, बटाटे घ्या," एवढंच ती म्हणायची.

ती वर्षभर हरणाचीच जड गोळी वापरते. वासरांवर टपलेल्या कोल्ह्यासारख्या कोयोटवर तीच, कुरण पोखरणाऱ्या प्रेअरी डॉग नावाच्या खारीवरही तीच. कोयोटचं कातडं फाटून वाया जातं, जाऊ दे. गोळी कुठे लागणार हे तिच्या हाताला पाठ आहे.

यंदा नोव्हेंबरात ती आणि डेल हरणाच्या शिकारीला शेजारी पालथे पडले होते. समोरच्या उतारावर भलामोठा नर आला. पहिला बार पाहुण्याचा. डेलने हरणाची रायफल वर्षभराने हातात घेतली होती, पण नेम धरला कोयोटच्या हलक्या, सरळ जाणाऱ्या गोळीच्या सवयीने. जड गोळी खाली पडली, हरणाच्या पोटाखाली धूळ उडाली. ते उडी मारणार तोच आर्डिसने त्याला आडवं केलं.

संध्याकाळी तिने कांद्यावर कलेजी परतली. वाढता वाढता विचारलं, "भावजी, आज कुठली रायफल आणली होती म्हणालात?"

डेल ताटाकडे बघत म्हणाला, "वहिनी, बटाटे वाढा."