वायरीवरचा मापाडी

माझे वडील मोसंबीच्या आडतीवर मापाडी होते. होते म्हणजे गेल्या उन्हाळ्यापर्यंत. पाचोडकडच्या आमच्या भागात शेतकरी माल घेऊन येतात, बोली लागते, आणि मापाडी काट्यावर वजन करून चिठ्ठी लिहितो: माल कोणाचा, घेणारा कोण, वजन किती. या कामाला डोळे आणि हात लागतातच, पण त्याआधी कान लागतात. नावं ओरडून सांगतात, तीही शेजारी दुसऱ्या ढिगावर बोली चालू असताना. आण्णांना काही वर्षांपासून कमी ऐकू यायला लागलं होतं. दोनदा चिठ्ठीवर भलत्याच व्यापाऱ्याचं नाव पडलं. पुन्हा असं झालं तर काट्यावर दुसरा माणूस बसवू, असं आडतदार त्यांना म्हणाला. हे मला आईनं सांगितलं. आण्णा फोनवर फक्त म्हणायचे, "हाय की बरं. जेवलीस का?"

दवाखान्यातून मिळालेलं कानातलं यंत्र आडतीच्या शेडमधल्या गलक्यात नुसतं किरकिरायचं. ते त्यांनी डबीत ठेवून दिलं.

मी इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला होते. शहरात मुकुंदवाडीला खोली करून राहते. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे वर्गात मी फारसं बोलत नाही. चुकले तर सगळ्यांना कळेल अशी भीती असते. प्रकल्पासाठी विषय निवडायची वेळ आली तेव्हा मात्र मी लगेच हात वर केला. आवाज मोठा करणारा खिशातला डबा. त्याला इअरफोन, कॉलरला लावायचा छोटा माईक, आत मोबाइलसारखी पण लहान बॅटरी आणि ती चार्ज करणारी चिप. बाहेरून मोबाइलचाच चार्जर लावायचा, म्हणजे आण्णांना नवीन काही शिकायला नको.

तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, "चार्जिंग चालू असताना कोणी हे वापरलं तर?"

उत्तर मला येत होतं. बॅटरी भरत आली की तिच्यात जाणारा प्रवाह कमी होत जातो. तो ठरावीक मर्यादेखाली गेला की चिप समजते, भरली, आणि थांबते. पण त्याच वेळी यंत्र चालू असेल तर यंत्राचा प्रवाहही त्यातच मोजला जातो. आकडा खाली येतच नाही आणि चिप थांबत नाही. भरलेली बॅटरी तासन्‌तास तशीच ताणून धरली, त्यात उन्हाची गरमी असली, की ती फुगते. म्हणून आलेली वीज आधी यंत्राला द्यायची आणि बॅटरीला वेगळ्या वाटेनं. मी फळ्यावर तीन भाग काढून ती वाट दाखवली. एवढा वेळ मी सलग कधीच बोलले नव्हते.

"छान," सर म्हणाले. "हे तुझ्या डब्यात आहे ना?"

नव्हतं. त्या तीनपैकी एक भाग आदल्या संध्याकाळी माझ्याच हातून सोल्डर करताना जळला होता. असे भाग मिळणारं पैठण गेटचं दुकान बंद झालेलं. मी ती वाट सोडून सरळ जोडणी केली आणि डबा गरम गोंदानं बंद केला. मनाशी म्हटलं, आण्णा रात्री चार्जिंगला लावतील, दिवसा वापरतील. कशाला लागतंय?

"हो सर," मी म्हणाले.

मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क मिळाले. सरांनी डबा उघडून पाहिला नाही. पाहिला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं, पण ते म्हणणंही सोयीचंच आहे.

डबा घेऊन मी गावी गेले. आण्णांनी इअरफोन घातला आणि चुलीकडं न बघताच म्हणाले, "दूध उतू चाललंय." आई तिथं नव्हती. त्यांनी ते ऐकून ओळखलं होतं. मी बजावलं, "आण्णा, रात्री लावायचं, सकाळी काढायचं." ते म्हणाले, "व्हय व्हय, कळतंय मला."

शेडमध्ये आवाज पूर्ण वाढवावा लागायचा, त्यामुळे दुपारीच डबा बंद पडायचा. काट्याशेजारी बोर्ड होताच, इलेक्ट्रिक काट्याचा. आण्णा दिवसभर तिथंच उभे. त्यांनी लांब वायर आणली आणि डबा सकाळपासून बोर्डालाच लावून ठेवायला सुरुवात केली. त्यांच्या दृष्टीनं यात चूक काय होती? काटाही तसाच चालायचा.

हे मला फोनवर हसत हसत कळलं. हमाल म्हणायचे, "वायर वलांडून जा रं, मापाडी लाईटीवर हाय!" एक व्यापारी रोज विचारायचा, "मापाडी, आज फुल चार्ज का?" आण्णा उलटून म्हणायचे, "माझ्या पोरीनं केलंय. तुझ्या पोराला म्हण, एक करून दाखव." त्या दोन महिन्यांत एकही चिठ्ठी चुकली नाही.

मी तेव्हाच त्यांना थांबवायला हवं होतं. मी म्हटलं, परीक्षा झाली की जाते आणि नीट करून देते. का थांबवतेय हे सांगावं लागलं असतं.

एप्रिलमध्ये पत्र्याखाली उभं राहवत नाही. एका दुपारी ऐन बोलीत आण्णांच्या खिशाला चटका बसला. डबा गोंदावर उकलला होता आणि आतली बॅटरी उशीसारखी फुगली होती. त्यांनी वायर उपटून डबा मातीत फेकला. लोक पांगले. कोणाला काही झालं नाही. थोड्या वेळानं बोली पुन्हा सुरू झाली, आणि आण्णांनी चिठ्ठीवर चुकीचं नाव लिहिलं.

आडतदार वाईट बोलला नाही. "आण्णा, आता सावलीत बसून काम करा," एवढंच म्हणाला. आता ते बायकांबरोबर बसून फळं निवडतात, मोठी एकीकडं, बारकी एकीकडं. तिथं ऐकायला लागत नाही.

मी गेले तेव्हा त्यांनी ती फुगलेली बॅटरी कागदात गुंडाळून ठेवली होती. ती माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "तू सांगितलं व्हतं, रात्री लाव म्हणून. मीच ऐकलं नाय. तुझी मेहनत वाया घालवली."

"आण्णा, चूक माझी आहे," मी म्हणाले.

मी हळूच बोलले. त्यांनी कान पुढं केला. "काय म्हणलीस?"

"काही नाय."

पुढच्या महिन्यात मी दुसरा डबा करून नेला. यात ते तीनही भाग आहेत. चार्जिंगला लावून दिवसभर वापरला तरी काही होणार नाही. पण आण्णा तसं कधीच करत नाहीत. आता ते फक्त घरी वापरतात, आणि रात्री लावून सकाळी न चुकता वायर काढतात. कोणी डबा बघायला आलं की त्याला समजावून सांगतात, "पयला लई भारी व्हता. पण मी अडाणी, वायर लावूनच ठेवली. मशिनीचा दोष नाय."

मी तिथंच बसलेली असते. माईक त्यांच्या कॉलरला असतो. मी कितीही हळू बोलले तरी आता त्यांना ऐकू जाईल. मी उठून पाणी आणायला जाते.