पाण्याच्या कॅनला पट्टा

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या वर्षी उदगीरच्या माझ्या मामांनी नवी गाडी घेतली. उदगीर आता जिल्हा होणार, कलेक्टर येणार, आणि गावातल्या जुन्या कापड दुकानदारानं मोटारसायकलवर फिरणं जिल्ह्याला शोभणार नाही, असं त्यांचं म्हणणं. जिल्हा काही झाला नाही. गाडी मात्र दारात आली.

शोरूममधून ती थेट मठात गेली. बॉनेटला विभूती लागली, आणि मामांनी डाव्या सीटसमोर डॅशबोर्डवर चांगला किलोभराचा पितळी नंदी चिकटवला. नेमका त्या झाकणावर, ज्याच्याखाली एअरबॅग असते.

मी तेव्हा लातूरच्या एका वर्कशॉपमध्ये एअरबॅगचीच कामं करायचो. ती काढायची तर आम्ही आधी बॅटरी सोडवतो, काही मिनिटं थांबतो, आणि उचलताना तिचं तोंड अंगापासून लांब धरतो. इतकं जपतो.

"मामा, हा काही वाढदिवसाचा फुगा न्हाई," मी समजावलं. "गाडी धडकली की सेन्सर इशारा देतो, आत स्फोट होऊन गॅस तयार होतो, अन् पापणी लवायच्या आत पिशवी झाकण उघडून भायेर येते. तुमचा नंदी मामीच्या तोंडावर बसंल."

"महादेवाचं वाहन हाय ते. तुझ्या फुग्याला भिऊन उठवू व्हय?"

नववीतून शाळा सोडलेल्या मामांपुढे माझा डिप्लोमा नेहमीच गप्प बसत आला आहे. पण मला खरंच भीती वाटायची. आई गेल्यावर मामीनंच मला वाढवलं होतं.

उन्हाळ्यात मामा नांदेडच्या सोयऱ्यांकडून पाणी आणू लागले. डिकी भरली की एक मोठा कॅन पुढच्या सीटवर बसायचा. सीटवर वजन पडलं की गाडी पट्ट्यासाठी टूं टूं करायची, म्हणून मामांनी कॅनला पट्टा बांधला. लगेच शांतता. मामी गेली मागं.

एकदा येताना मीही सोबत होतो, मागं मामीशेजारी. भांडून मामांना पट्टा लावायला लावला. सदऱ्याची इस्त्री मोडते म्हणून ते वाटभर कुरकुरत राहिले. माझा लावून मामीचा पट्टा शोधू लागलो, तर ज्यात तो अडकवायचा तो खटकाच सीटकव्हरवाल्यानं नव्या रेक्झिनखाली शिवून टाकलेला. कव्हर मात्र भारी होतं, सोनेरी कडांचं. मामीला तसंच बसू दिलं, याची मला आजही लाज वाटते.

मुखेडच्या पुढं समोरच्या टँकरनं करकचून ब्रेक मारला आणि आम्ही त्याच्यावर आदळलो. बंदुकीसारखा आवाज झाला, दोन्ही एअरबॅगा फुटल्या, गाडीभर पांढरा धूर. नंदी सुटला तो सरळ कॅनमध्ये घुसला. मामांच्या चष्म्याची दांडी मोडली, बाकी ओरखडासुद्धा नाही. मामी पुढच्या सीटच्या पाठीवर आपटली होती. तिचा ओठ फाटला होता आणि मनगट भलतीकडेच वळलं होतं.

मामांनी मागं वळून पाहिलं नाही. डाव्या सीटवर हात फिरवत त्यांनी विचारलं, "सगळं सांडलं का गं?"

मी मामीचं मनगट अलगद हातात धरलं.

"हाव, सांडलं," मामी मागून म्हणाली. "मी हाय अजून."