आतल्या खोल्यांचे फोटो

आखाडा बाळापूरला आमचा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो, लग्नं, बारशी ही सगळी कामं नवरा करायचा. मी गिऱ्हाईक सांभाळायचे आणि दुपारी दुकान रिकामं असलं की त्याच्याकडून कॅमेरा शिकायचे. दोन हजार सालानंतरची गोष्ट. हिंगोलीचा घरं विकून देणारा एक एजंट दुकानात आला. तिथलं एक घर विकायचं होतं, घेणारा माणूस सौदीत नोकरीला. त्याला आतले फोटो पाठवायचे होते. घर एका चाचींचं, त्या तिथं एकट्याच राहायच्या, पडदा पाळणाऱ्या. आतल्या खोल्यांत पुरुष नको, असं त्यांनी बजावलं होतं.

"मग मी जाते," मी म्हणाले.

पहिला रोल धुऊन आला आणि माझं तोंड उतरलं. स्वयंपाकघर म्हणजे नुसता काळोख, भांड्यांवर फ्लॅशचा पांढरा डाग. एजंट हसला. "राहू द्या वहिनी. मी दारातूनच काढून घेतो."

"न्हाई. परत जाते. मीच काढीन."

दुसऱ्या खेपेला पोहोचले तर लाईट गेलेली. चाची म्हणाल्या, "आता संध्याकाळीच येईल. काहून तकलीफ करून राहिली, बेटा?"

ऊन फक्त अंगणात होतं. मी विचारलं, "कपाटाचा आरसा निघतो का?"

दोघींनी मिळून तो काढला आणि अंगणात खुर्चीवर ठेवला. चाचींनी तो हळूहळू फिरवला, तसं ऊन दारातून आत शिरून पार छतापर्यंत गेलं. उजेड परतून सगळीकडं पसरावा म्हणून समोर पांढरी चादर बांधली, कॅमेरा स्टँडवर लावला. आता ओट्यामागच्या भिंतीची ओलही स्पष्ट दिसायला लागली.

"पुढं डबे मांडू का?" मी विचारलं.

"राहू दे. घेणाऱ्याला बराबर दिसू दे. झाकून विकायचं न्हाई मला."

फोटो बघून एजंट चिडला. "ओल दाखवून घर विकतंय व्हय?"

"चाचींनाच झाकून विकायचं न्हाई. पाठवायचे तर सगळे पाठवा, न्हाईतर एकपण नको," मी म्हणाले. घरमालकीणच तसं म्हणते म्हटल्यावर त्याचा इलाज चालेना.

काही दिवसांनी घेणाऱ्याचा भाऊ गवंड्याला घेऊनच आला. त्यानं भिंत ठोकून बघितली, दुरुस्तीचं बोलणं झालं आणि सौदा पक्का झाला.

पुढच्या महिन्यात एजंट पुन्हा दुकानात आला. नवरा काउंटरवर होता. "वहिनी कुठं हायत?" त्यानं विचारलं. "हिंगोलीच्या पुढं, गोरेगावला एक घर हाय. आतले फोटो काढायचेत."

मी आतून बाहेर आले, तसा नवऱ्यानं फळीवरचा कॅमेरा काढून माझ्या हातात दिला. मी दोन रोल पिशवीत टाकले आणि जीप गाठायला निघाले.